यंत्रांस शिकविण्याची शाळा

‘मशीन लर्निंग’ हा शब्द हल्लीं घरोघरीं ऐकूं येतो. यंत्रास नियम न सांगतां उदाहरणें दाखवावयाचीं व त्यांवरून त्यानें नियम आपला आपण शोधावयाचा, एवढेंच या विद्येचें मूळ. मोठ्या शहरांतील कॉलेजांतून ती शिकतां येते. पण यवतमाळनजीकच्या लोहाऱ्यासारख्या गांवांतील बुद्धिमान् मुलानें किंवा मुलीनें ती कोठें शिकावी? इंटरनेटवर, असें उत्तर कोणीहि देईल. तें खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे.

२०११ सालीं स्टॅनफर्डचे प्राध्यापक अँड्र्यू एंग यांनीं या विषयाचा वर्ग इंटरनेटवर विनामूल्य उघडला, तेव्हां लाखावर विद्यार्थ्यांनीं नांवें नोंदविलीं. आपल्याकडेहि आय. आय. टी. व बंगळूरची विज्ञानसंस्था यांचा ‘एनपीटेल’ २००३ पासून व सरकारचें ‘स्वयम्’ २०१७ पासून आहे. व्याख्यानांचा दुष्काळ मुळींच नाहीं. तरीहि अशा खुल्या वर्गांत शेवटपर्यंत टिकणारे पुष्कळदां शेंकडा दहाहूनहि कमी भरतात. विद्यार्थी आळशी, असें म्हणून मोकळें होणें सोपें. आमच्या मतें दोष रचनेचा आहे. व्याख्यानाच्या सातव्या मिनिटाला अडलेल्यानें विचारावें कोणास?

या बाबतींत मुंबईच्या आय. आय. टी.तील प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चा कित्ता गिरविण्यासारखा आहे. तेथील पाठ सुमारें दहा मिनिटांचा. पडद्याच्या एका भागांत तो चालूं ठेवावयाचा व दुसऱ्या भागांत तीच कृति स्वतः करावयाची. पाठ एकदां उतरवून घेतला कीं इंटरनेटविनाहि चालतो, आणि कित्येक पाठांचें निवेदन मराठींत आहे. सर्वांत मार्मिक योजना प्रश्नांची. प्रश्नाबरोबर पाठाचें मिनिट व सेकंदहि नोंदवावयाचें! एकाच जागीं दहा जण अडले, तर दोष शिकणारांचा नसून तेथल्या विवेचनाचा, हें शिक्षकास आपोआप दिसूं शकतें.

उदाहरणेंहि अंगणांतलीं हवींत. परदेशी पाठांतून बोस्टन शहरांतील घरांच्या किमती वर्षानुवर्षें गिरविल्या गेल्या. लोहाऱ्याच्या मुलास बोस्टनशीं काय कर्तव्य? त्याच्या जिल्ह्याचें पीक कापूस. गुलाबी बोंडअळीचे पतंग कामगंध सापळ्यांत मोजतात. ओळीनें तीन रात्रीं दर सापळ्यास आठ पतंग सांपडले कीं उपाय योजावा, असा दंडक आहे. सापळ्याच्या फोटोवरून ही मोजणी करून सल्ला देणारी योजना ‘वाधवानी ए. आय.’ या संस्थेनें केली, व २०१९ सालीं तिला गूगलकडून वीस लक्ष डॉलरांचें साहाय्य मिळालें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसहून अधिक माणसें दगावलीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे बिनगरजेची एक फवारणी टळण्याचें मोल कळेल.

अशाच फोटोंवर विद्यार्थ्यानें यंत्र शिकवावें. परीक्षा मात्र यंत्रानें कधींहि न पाहिलेल्या फोटोंवर घ्यावी. नाहींतर घरीं पैकींच्या पैकीं गुण मिळवून तें शेतांत नापास होईल. पाठांतर व आकलन यांतील भेद आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस समजावून सांगावयास नकोच. २०१० सालीं निघालेल्या ‘कॅगल’वर स्पर्धेचीं उत्तरें अशींच झांकून ठेवतात. पण तेथें चढाओढ प्रधान आहे. नवख्यास पहिल्याच दिवशीं आपला पांचशेवा क्रमांक दिसला, तर तो पुन्हां फिरकेल कशाला? पुढच्यानें मागच्याचें काम तपासून द्यावें, ही जुनी रीत आम्हांस अधिक पसंत आहे.

‘कोलॅब’सारख्या सोयीमुळें भारी किमतीचें यंत्र घरीं लागत नाहीं. अडचण निराळीच आहे. घरांत कॉम्प्युटर एक असला, तर त्यावर दादाचा हक्क पहिला. ताईची पाळी रात्रीं स्वयंपाकघर आवरल्यावर. ठराविक वेळीं भरणारा वर्ग तिला बंदच समजावा. म्हणून पाठ केव्हांहि पाहतां यावा, प्रश्न टोपणनांवानें व मराठींत विचारतां यावा, आणि ‘एवढें साधें कळत नाहीं?’ असें कोणीं लिहिल्यास तें तत्काळ पुसून टाकावें. आरंभींचीं उत्तरें लिहिण्यास मात्र पगारी शिक्षकच नेमावेत. केवळ परोपकारबुद्धीवर विसंबूं नये.

राहिली परिभाषा. ‘ओव्हरफिटिंग’ला आम्ही खुशाल ‘घोकंपट्टी’ म्हणूं. तथापि मूळ शब्दहि पहिल्याच पाठांत शेजारीं लिहावा, कारण पुढचे ग्रंथ बहुतेक इंग्रजींतच वाचावे लागतात.