खोलीवर राहणाऱ्या विद्यार्थ्याचे रेशन

संग्रामपूर, लोणारकडची अनेक मुले शिक्षणासाठी बुलढाणा, खामगाव, शेगावला खोली करून राहतात. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. पुढे पैशांची ओढाताण झाली की पहिली कात्री जेवणाच्या डब्याला लागते.

अन्न सुरक्षा कायद्यात महाविद्यालयीन विद्यार्थी असा वेगळा गट नाही; हक्क मिळतो तो कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते, तेही २०२३ पासून मोफत. शिकायला बाहेर पडल्याने हा हक्क जात नाही. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे विद्यार्थी आपला वाटा खामगावच्या दुकानातही अंगठा लावून उचलू शकतो, उरलेले धान्य घरचे गावात घेतात. त्यासाठी कार्डावर नाव आणि ई-केवायसी हवी. केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना मात्र २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात पैसे मिळतात.

पण ५ किलो धान्य म्हणजे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम, सुमारे ५७० कॅलरी. बैठी दिनचर्या असलेल्या तरुणालाही साधारण २,१०० लागतात. शिवाय नुसत्या गहू-तांदळातून पुरेशी प्रथिने, लोह मिळत नाही. धान्यावर वाचलेला पैसा डाळ, शेंगदाणे, अंडी, पालेभाजीवर खर्चावा.

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना ‘स्वाधार’, तर आदिवासी विद्यार्थ्यांना ‘स्वयम्’ योजनेतून भोजन-निवासासाठी रक्कम मिळते. उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या वेळीच काढून ठेवावा.