काचेची लवती काठी

मशीन शॉपमध्ये वाकणारी वस्तू नापास असते. बोअरिंग बार जरा जास्त बाहेर काढला की तो थरथरतो, भोकाच्या आत लाटा उमटतात आणि जॉब रिजेक्टच्या ट्रेमध्ये जातो. फिक्स्चर दाबाखाली केसभर सरकलं तरी डायलचा काटा चुगली करतो. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात सेटर, फिटर, ऑपरेटर सगळ्यांची नजर दिवसभर एकाच गोष्टीवर असते: काही हलू नये, काही वाकू नये. आणि गुरुवारी, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीला, त्यांच्यातलेच काही जण बाइकला काठी बांधून पवना धरणाच्या किंवा भामा आसखेडच्या बॅकवॉटरकडे निघतात. त्या काठ्यांमध्ये एक जात अशी आहे, की जी मुठीपासून टोकापर्यंत अख्खी वाकते. तिचे शौकीन तिच्यावर जीव टाकतात ते नेमके याच कारणासाठी.

ही काठी म्हणजे जुनी, स्वस्त फायबर ग्लासची काठी. सहा-सात फुटांची, दोन तुकड्यांची किंवा नळीत नळी सरकणारी. रंग कधीकाळी पिवळा किंवा तपकिरी असावा. कड्या गंजलेल्या, मुठीवरचा फोम कुरतडलेला. दुकानात हातात घेऊन झटका दिला तर नव्या कार्बनच्या काठीचं टोक जागच्या जागी थांबतं. हिचं टोक दोन-तीनदा डुलून मग शांत होतं. नवखा तिला ‘ढिली’ म्हणून बाजूला ठेवतो. जुना गळकरी मात्र तीच उचलतो, टोक छताला टेकवून हळूच दाबतो आणि बाक कुठून सुरू होतो ते पाहतो. बाक मुठीपर्यंत उतरला की त्याचं समाधान होतं.

काचेच्या आधी अर्थातच बांबू होता. मावळात मेसाची किंवा वेळूची काठी, तिच्या टोकाला बांधलेला दोर, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि गांडूळ एवढ्यावर पिढ्यानपिढ्या मासेमारी झाली. भारतीय बांबूला परदेशातही मान होता. 19व्या शतकात अमेरिका आणि इंग्लंडमधले कारागीर काठ्यांसाठी कोलकात्याहून जाणारा बांबू वापरत. पुढे चीनमधला टोंकिन बांबू सरस ठरला. त्याच्या सहा पट्ट्या तासून, एकमेकींना चिकटवून केलेली षट्कोनी काठी हा उच्चभ्रूंचा दागिना झाला. हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांनी याच प्रकारच्या काठ्या घेऊन महाशीरचा पाठलाग केला. हेन्री सलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने 1873 साली इथल्या नद्यांतल्या गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला आणि पुढची कित्येक वर्षं शौकीन तोच प्रमाण मानत राहिले.

काचेचे धागे कारखान्यात तयार होऊ लागले ते 1930च्या दशकात, अमेरिकेत. त्यांची काठी होऊ शकते हे सुचलं आर्थर हॉवल्ड या रसायनतज्ज्ञाला. हा माणूस प्लास्टिकच्या उद्योगात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच्या बांबूच्या काठीचं टोक मोडलं आणि नवा बांबू मिळेना, तेव्हा त्याने काचेचे धागे रेझिनमध्ये भिजवून टोक तयार केलं. त्यातून पूर्ण काठी घडली. शेक्सपिअर नावाच्या अमेरिकी कंपनीने हक्क घेतले आणि युद्ध संपताच ‘वंडररॉड’ बाजारात आणली. 1950 साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, टोंकिन बांबूची आवक थांबली आणि काचेला मैदान मोकळं मिळालं. पुढची वीसेक वर्षं काठी म्हणजे काच असंच समीकरण होतं. बांबूची काठी एकेक करून हाताने घडवावी लागे. काचेची काठी साच्यातून निघू लागली आणि कामगाराच्या खिशाला परवडू लागली.

मग 1973 साली फेनविक या कंपनीने कार्बन धाग्याची काठी आणली. हलकी, ताठ, लांब फेकणारी. काच एका दशकात ‘स्वस्त माल’ या खणात जाऊन पडली. तरी ती मेली नाही. 1976 साली शेक्सपिअरनेच काच आणि कार्बन एकत्र करून, टोकाला भरीव काच ठेवून ‘अग्ली स्टिक’ काढली. ती आजही विकली जाते. गेल्या काही वर्षांत तर अमेरिकेत आणि जपानमध्ये हौशी कारागीर पुन्हा शुद्ध काचेच्या काठ्या वळू लागले आहेत. आपल्याकडे हे पुनरुज्जीवन वगैरे काही झालं नाही. इथे काच कधी गेलीच नव्हती, कारण ती परवडत होती.

परवडते म्हणून लोक घेतात हे खरं, पण परवडते म्हणून प्रेम करत नाहीत. त्या प्रेमामागे यंत्रशास्त्र आहे आणि ते या पट्ट्यातल्या माणसाला चटकन कळतं.

काठी म्हणजे एका टोकाला धरलेली, निमुळती होत गेलेली स्प्रिंग. मासा लागला की तो धक्का देतो. त्या धक्क्यातली ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. काठी वीस सेंटिमीटर वाकून ती जिरवणार असेल, तर तंगुसावर जो सरासरी ताण येईल, त्याच्या एक तृतीयांश ताण साठ सेंटिमीटर वाकणाऱ्या काठीच्या तंगुसावर येईल. हिशेब सरळ आहे: ऊर्जा तीच, अंतर तिप्पट, म्हणून बळ तिसरा हिस्सा. दोन किलो वजन पेलणाऱ्या बारीक तंगुसावर तीन किलोचा रोहू काठाशी येतो तो याच हिशेबावर. काठी वाकली नाही तर तुटायची पाळी तंगुसाची येते किंवा माशाच्या ओठाची. रोहू, कटला, मृगल या कार्प कुळातल्या माशांच्या जबड्यात दात नसतात. दात घशात असतात. तोंड मऊ, मांसल असतं. ताठ काठीने हिसका दिला की गळ ओठ फाडून मोकळा होतो.

आता काचच का? काचेच्या धाग्याचा ताठपणा साधारण 72 गिगापास्कल. पोलादाचा 200च्या आसपास, नेहमीच्या कार्बन धाग्याचा 230. म्हणजे काच कार्बनच्या तिसऱ्या हिश्शानेही ताठ नाही. पण तुटण्याआधी ती साडेचार टक्क्यांपर्यंत ताणली जाते. कार्बनचा धागा दीड-दोन टक्क्यांतच संपतो. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ताणाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि ताठपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे ज्या कमी ताठपणामुळे काच विमानाच्या पंखासाठी मागे पडते, त्याच गुणाने ती स्प्रिंग म्हणून पुढे जाते.

ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांची ज्यांना सवय आहे त्यांच्यासाठी याचा पुरावा मोटार उद्योगातच आहे. 1981 साली जनरल मोटर्सने कॉर्वेट गाडीच्या मागच्या चाकांना पोलादी पाट्यांऐवजी काच आणि रेझिनचा एकच पाटा बसवला. पोलादी संच साडेअठरा किलोंच्या घरात होता. काचेचा पाटा भरला सुमारे 3.6 किलो. तिथे कार्बन वापरला नाही, काच वापरली. पैशाचा प्रश्न होताच, पण स्प्रिंगला हवी असते ती ऊर्जा पोटात घेण्याची ताकद आणि ती काचेत भरपूर आहे. मासेमारीची ढिली काठी आणि तो पाटा ही एकाच घराण्यातली भावंडं.

काठी घडते कशी, हेही इथल्या माणसाला परकं नाही. रेझिन लावलेलं काचेचं कापड निमुळत्या आकारात कापतात, ते निमुळत्या पोलादी सळईवर घट्ट गुंडाळतात, वरून सेलोफेनची पट्टी ताणून वळसे देत बसवतात आणि सगळं भट्टीत घालतात. रेझिन पिकलं की सळई ओढून काढायची, पट्टी सोलायची. आत पोकळ नळी उरते. जुन्या काठ्यांवर बारीक कंगोरे दिसतात ते त्या पट्टीच्या वळशांचे ठसे. घासून गुळगुळीत करण्याचा खर्च स्वस्त काठीत कोण करणार? त्याहून स्वस्त भरीव काठी पुल्ट्रुजनने निघते: काचेच्या धाग्यांचा झुपका रेझिनमधून आणि मग तापलेल्या डायमधून अखंड ओढायचा. केबल ट्रे, शिडीचे दांडे, विजेच्या कामातल्या इन्सुलेटरच्या सळया याच पद्धतीने निघतात. एफआरपीच्या, म्हणजे काच-रेझिनच्या मालाच्या, शेडमध्ये मॅट, रेझिन, कॅटॅलिस्ट आणि जेलकोट यांच्यात ज्याने पाळ्या काढल्या, त्याला तुटलेल्या काठीचा काप पाहून थर मोजता येतात. काच टोचल्यावर अंगाला सुटणारी खाजही त्याच्या ओळखीची असते.

म्हणूनच दुरुस्तीही इथे सहज होते. ऊन खाऊन काठीचा वरचा थर उडाला की धागे उघडे पडतात आणि तळहातात कुसळं घुसतात. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवायचा, इपॉक्सीचा पातळ हात द्यायचा, काठी नवी. कडी निघाली तर नायलॉनच्या दोऱ्याने गुंडाळून वर तोच इपॉक्सी. नळीचा जोड ढिला झाला तर आतल्या तुकड्यावर मेण घासायचं. कार्बनच्या काठीला दगडाचा एक टोला बसला की दिसणार नाही अशी चीर पडते आणि पुढच्या मोठ्या माशाला ती फटाक्यासारखी फुटते. काच तक्रार आधी करते. जिथे थर सुटू लागतात तिथे पांढरी रेघ उमटते.

आणखी एक फरक जिवाचा आहे. कार्बनमधून वीज वाहते. धरणांच्या आणि कारखान्यांच्या या मुलखात डोक्यावरून उच्च दाबाच्या तारा सगळीकडे गेलेल्या आहेत. त्यांच्याजवळ लांब कार्बनची काठी उभी करणं म्हणजे मरणाला हात लावणं. काच स्वतः वीजरोधक आहे, पण ओली काठी आणि ओलं तंगूस यांचा भरवसा धरू नये. तारांखाली कुठलीच काठी उघडू नये हाच नियम.

ही काठी ज्या पाण्यावर चालते त्याचंही पाहायला हवं. पवना लोणावळ्याच्या दक्षिणेला उगम पावते, 1972च्या धरणात थांबते, मग रावेत, थेरगाव, चिंचवड करत दापोडीला मुळेला मिळते. धरणाच्या वरचं पाणी आणि शहरातलं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक. थेरगावच्या केजुदेवी बंधाऱ्यापासून खाली सांडपाण्याचा वास येतो, मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तिथे लागतात ते बहुतेक चिलापी, कुठल्याही पाण्यात तगणारे. शहाणा माणूस तिथला मासा ताटात घेत नाही. इंद्रायणीची कथा तशीच. आळंदीला फेसाळलेलं पाणी वारकऱ्यांनी पाहिलेलं आहे. देहू आणि आळंदीच्या डोहांतले मासे देवाचे मानले जातात, तिथे गळ टाकायचा नसतो.

एकेकाळी याच खोऱ्यात खडशी, म्हणजे दख्खनचा महाशीर, भरपूर होता. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली मुळा-मुठेतल्या माशावरून त्याची शास्त्रीय नोंद केली. धरणं, वाळूउपसा आणि घाण यांनी तो आटला. लोणावळ्याजवळ टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रात 1970च्या दशकात सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी त्याची कृत्रिम पैदास साधली आणि तिथली बोटुकली देशभरच्या जलाशयांत गेली. आज गुरुवारच्या गळकऱ्याला खडशी लागला तर तो नशिबाचा भाग, आणि लागला तर परत सोडावा. इथेही मऊ काठी बरी, कारण ओठ न फाटता मासा गळावरून सुटतो. मात्र तिच्याने झुंज लांबते आणि थकलेला मासा सोडूनही मरू शकतो, म्हणून मोठ्या माशाला तिच्यावर फार वेळ खेळवू नये.

तिचे बाकीचे दोषही झाकण्यासारखे नाहीत. लांब फेक तिला जमत नाही. टोक डुलत राहतं आणि नेम चुकतो. ती जड आहे, दुपारपर्यंत मनगट बोलू लागतं. चाळीस मीटरवर मासा चावला तर झटका वाकण्यातच जिरतो आणि गळ रुततच नाही. मरळीसारख्या, दातांच्या आणि कडक तोंडाच्या शिकारी माशासाठी प्लास्टिकचा बेडूक पाणवनस्पतींवरून ओढायचा असेल तर ती निव्वळ निरुपयोगी. तिचं राज्य काठापासून दहा-पंधरा मीटरपर्यंत: तरंगा, कणकेची गोळी किंवा गांडूळ, आणि बारीक तंगूस.

जुनी काठी घेताना तीन गोष्टी बघाव्यात. उन्हात धरून पांढऱ्या रेघा शोधाव्यात. आडवी रेघ असेल तर फुकटही घेऊ नये. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. धागा अडकला म्हणजे खाच आहे आणि ती खाच तंगूस कापेल. मग टोक हळूहळू वाकवत न्यावं. बाक एकसारखा गोल आला पाहिजे, मधेच कोन पडला तर तिथे काठी मेलेली आहे. धरणावर जाण्याआधी मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे असेल तिला विचारावं, कारण ते पाणी तिच्या सभासदांच्या पोटाचं आहे.

ज्याला दूरवर फेकायचं आहे, शिकारी मासे धरायचे आहेत, त्याने पैसे साठवून कार्बन घ्यावा. पण पहिली काठी घेणाऱ्याने, पोराला सोबत नेणाऱ्याने आणि बारीक तंगुसावर मोठा मासा खेळवण्याची गंमत ज्याला हवी त्याने या ढिल्या काचेकडे यावं. काही शे रुपयांत मिळते, दगडावर आपटली तरी बहुधा पुढच्या गुरुवारी कामाला येते, आणि मोडलीच तर भोसरीतल्या एफआरपीच्या शेडमध्ये तिला जोडून देणारा हात सापडतो.