कोंबडीला औषध पाजताय? आधी जिभेमागची फट बघा



पाऊस लागला की मला कोंबड्यांचे फोटो यायला लागतात. पंख पाडलेली, डोळे मिटून बसलेली, रक्ताळ शिट टाकणारी. मग घाईत कुणीतरी कोंबडी उताणी धरतं आणि चमचाभर औषध सरळ घशात ओततं. दोन मिनिटांत ती हातातच जाते, आणि बोल लागतो औषधाला. डिप्लोमाला असताना माझ्याच हातून एक तलंग अशी गेलीय.

एखाद्या धडधाकट कोंबडीची चोच उघडून बघा. जिभेच्या मुळाशी एक फट उघड-मीट करताना दिसेल. ती श्वासनलिका. ओतलेलं औषध तिच्यातून फुप्फुसात उतरतं. अन्नाची नळी तिच्या मागे आहे.

म्हणून कोंबडी उभीच धरा, पंख मिटून, काखेत. छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड हललं तरच तिला श्वास घेता येतो. संध्याकाळी खुराड्यात बसल्यावर धरली तर धडपडही कमी करते.

पातळ औषध सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेला थेंब-थेंब सोडा. तिने गिळलं की पुढचा थेंब. ठसका लागला तर थांबा, खाली सोडा, मान झटकू द्या. गोळीचा तुकडा फटीच्या पलीकडे, घशात मागे ठेवायचा. ती खात असेल तर भाताच्या छोट्या गोळ्यातून द्या, ते सगळ्यात सोपं.

पक्षी जास्त असतील तर पाण्यातून द्या, पण आसपासची डबकी आणि गोठ्यातलं टाकं झाका, नाहीतर तिकडेच पिऊन येतात. औषधाचं पाणी रोज नवं करा. जी पाणीच पीत नाही तिला मात्र हातानेच पाजावं लागेल.

घरात उरलेल्या माणसांच्या कॅप्सूल फोडून घालू नका. मानमोडी विषाणूने होते, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, लसच वेळेवर हवी. कोलिस्टिन असलेलं औषध कुणी देऊ केलं तर घेऊ नका, कोंबड्यांसाठी त्यावर 2019 पासून बंदी आहे.

औषध आणि मात्रा पशुवैद्यकीय डॉक्टरांनाच विचारा. जाताना एका कोंबडीचं वजन करून न्या, मात्रा त्यावरच ठरते. अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत तेही तिथेच विचारून घ्या. तेवढ्या दिवसांची अंडी संकलनाला आणू नका.