फौजीला हक्काचं काय, मानाचं काय? घोटीच्या टोलनाक्यापासून देवळालीच्या बाजारापर्यंतचा हिशोब

मुंबईहून नाशिककडे निघालं की कसारा घाट चढून इगतपुरी मागे पडते आणि घोटी येतं. तांदळाच्या बाजारपेठेचं गाव, भंडारदऱ्याकडे वळणारा फाटा आणि मुंबई-आग्रा महामार्गावरचा टोलनाका, ही घोटीची ओळख. या नाक्यावरून फौजींचीही भरपूर ये-जा असते. कारण इथून साधारण ३५ किलोमीटरवर देवळाली कॅम्प आहे. तिथे भारतीय लष्कराची तोफखान्याची शाळा, म्हणजे स्कूल ऑफ आर्टिलरी आहे. शेजारी नाशिक रोडला आर्टिलरी सेंटर आहे, जिथे तोफखान्यात भरती झालेल्या पोरांचं प्रशिक्षण होतं.

लष्करी तळाच्या आजूबाजूला एक प्रश्न कायम चर्चेत असतो. फौजीशी व्यवहार करताना दुकानदार, हॉटेलवाला, घरमालक, टोलवाला यांनी कसं वागायचं? ओळखपत्र दाखवलं की सवलत द्यायलाच पाहिजे का? एकाला वाटतं तो त्याचा हक्क, दुसऱ्याला वाटतं आपण देतोय तो मान. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की भांडण होतं. आणि सगळ्यात जास्त भांडणं होतात ती टोलनाक्यावर. म्हणून सुरुवात तिथूनच.

टोलनाक्यावर फौजीला सूट असते का?

असते, पण सरसकट नाही.

या सुटीचं मूळ आहे इंग्रजांच्या काळातल्या १९०१ च्या कायद्यात. त्याचं नाव इंडियन टोल्स (आर्मी अँड एअर फोर्स) ॲक्ट. तेव्हा फौज घोडे, खेचरं आणि गाड्यांसह कूच करायची. वाटेतल्या प्रत्येक पुलावर, तरीवर टोल भरत बसायला लागू नये म्हणून हा कायदा आला. सूट असताना टोल वसूल केला तर त्यात दंडाची तरतूदही आहे. रक्कम किती? ५० रुपयांपर्यंत! १९०१ साली ही रक्कम मोठी होती.

राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलसाठी २००८ चे नियम आहेत. त्यांनीही संरक्षण मंत्रालयाची सरकारी कामावरची वाहनं आणि १९०१ च्या कायद्यात बसणारी वाहनं टोलमधून वगळली आहेत. परमवीर चक्र, अशोक चक्र, महावीर चक्र, कीर्ती चक्र, वीर चक्र आणि शौर्य चक्र मिळालेल्यांनाही ओळखपत्र दाखवल्यावर सूट आहे.

गोंधळ होतो तो खासगी गाडीवरून. महामार्ग प्राधिकरणाची भूमिका अशी आहे की जवान ड्युटीवर असेल तरच सूट. त्यासाठी ड्युटीचा कागद किंवा पास दाखवावा लागतो. नुसतं ओळखपत्र पुरत नाही. बायकामुलांना घेऊन शिर्डीला निघालेला जवान हा खासगी प्रवासी ठरतो. निवृत्त फौजींना ही सूट नाही.

त्यात २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. आधी नाक्यावरचा माणूस कागद बघून गाडी सोडायचा. आता कागद खिशातून निघेपर्यंत यंत्र पैसे कापून मोकळं होतं. बूथमधल्या पोराला नियम नीट सांगितलेला नसतो, फौजीलाही तो ऐकून माहीत असतो आणि मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवत असते. मग आवाज चढतात.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर प्रदेशात दिसलं. मेरठजवळच्या भुनी टोलनाक्यावर, रजा संपवून कामावर परतणाऱ्या एका जवानाला कर्मचाऱ्यांनी खांबाला धरून मारलं. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. महामार्ग प्राधिकरणाने टोल चालवणाऱ्या कंपनीला २० लाख रुपये दंड केला आणि कंत्राट रद्द करण्याची प्रक्रिया सुरू केली. त्या जवानाला सूट लागू होती की नाही, हा वेगळा मुद्दा. पण सूट लागू नसली तरी मारायचा अधिकार कुणालाच मिळत नाही.

थोडक्यात, टोलची सूट हा हक्क आहे. तो कायद्याने दिलेला आहे, म्हणून त्याच्या सीमाही कायद्यानेच ठरतात. घोटीचा नाका ओलांडून देवळालीच्या बाजारात शिरलं की मात्र हिशोब बदलतो.

बाजार फौजेसाठीच वसला

देवळालीची छावणी १८६१ सालची. पुढे चारच वर्षांत थळ घाटातून रेल्वे इगतपुरीपर्यंत आली आणि मग मुंबई बंदर गाठणं सोपं झालं. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर देवळालीत आणून ठेवायचे आणि जहाज आलं की मायदेशी धाडायचे. पण जहाजांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढाच. ज्याची मुदत उन्हाळ्यात संपली, तो पुढचे कित्येक महिने इथे काहीही काम नसताना पडून राहायचा. त्या कंटाळ्याने आणि उकाड्याने माणसं भ्रमिष्टासारखी वागायला लागायची. त्यातूनच इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द आला, अर्थ डोकं फिरलेला. मूळ वाक्प्रचार होता ‘डूलॅली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप.

या माणसांच्या खिशात पगार होता आणि हातात वेळ होता. साहजिकच भोवती बाजार उभा राहिला. इंग्रजांच्या जवळपास प्रत्येक छावणीत अशी रचना होती. एकेका पलटणीचा छोटा बाजार आणि सगळ्या छावणीचा मिळून मोठा ‘सदर बाजार’. दुकानं कुठे लागतील, दारू कोण विकेल, स्वच्छता कशी राहील, हे छावणीचे अधिकारी ठरवत. पुढे १९२४ चा आणि आता २००६ चा छावणी कायदा आला, पण बाजारावर लष्कराची नजर कायम राहिली.

जमिनीचं गणितही वेगळं आहे. छावण्यांमधल्या अनेक जुन्या मालमत्ता ‘ओल्ड ग्रँट’च्या आहेत. ही पद्धत १८३६ च्या आदेशातून आली. इमारत माणसाची, पण खालची जमीन सरकारची. गरज पडली तर नोटीस देऊन आणि बांधकामाची भरपाई देऊन सरकार ती परत घेऊ शकतं. म्हणजे कॅम्पातला व्यापारी फक्त गिऱ्हाइकासाठी लष्करावर अवलंबून नसतो. पायाखालची जमीनही त्यांचीच असू शकते.

शिवाय लष्कराच्या हातात एक बिनखर्चाचं हत्यार असतं. एखाद्या ठिकाणी जवानांना लुबाडलं जातंय किंवा नको ते धंदे चालतात असं वाटलं, तर स्टेशन हेडक्वार्टर ते ठिकाण ‘आउट ऑफ बाउंड्स’ ठरवतं. जवानांनी तिथे पाऊल ठेवायचं नाही. ज्याचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक फौजी, त्याला एवढी एक पाटी पुरते.

कॅन्टीन शेजारी असताना दुकानदार विकतो काय?

फौजीला साबण, तेल, चहा पावडरपासून फ्रीज आणि मोटारसायकलपर्यंत सगळं सीएसडी कॅन्टीनमधून स्वस्तात मिळतं. कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट १९४८ साली सुरू झालं, मुख्यालय मुंबईत. कंपन्यांकडून घाऊक खरेदी आणि वर भरलेल्या जीएसटीच्या ५० टक्के रकमेचा परतावा. त्यामुळे किराणा दुकानदाराला किमतीत कॅन्टीनशी टक्कर देणं शक्य नाही.

म्हणूनच कुठल्याही छावणीच्या बाजारात फिरा, जे कॅन्टीन देत नाही ते तिथे दिसेल. वर्दी मापात बसवून देणारा टेलर. बिल्ले, रिबिनी आणि छातीवरच्या नावाच्या पट्ट्या बनवणारा. काळी पत्र्याची ट्रंक आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव-नंबर रंगवून देणारा. नियमातली कटिंग दहा मिनिटांत करणारा सलून. दोन वर्षांसाठी पलंग-कपाट भाड्याने देणारा आणि बदली झाली की सामान भरून देणारा टेम्पोवाला.

गाड्यांच्या शोरूमची गंमत वेगळी. ऑर्डर कॅन्टीनची असते, पण गाडी हातात देतो स्थानिक डीलर. म्हणजे कॅन्टीनमुळे एकाचं गिऱ्हाईक जातं आणि दुसऱ्याचं येतं.

फौजीला उधार द्यावं का?

हा प्रश्न दुकानदारासाठी खरा अवघड आहे. फौजीचा पगार दर महिन्याला नक्की येतो, पण माणूस कधी जाईल ते नक्की नसतं. आज देवळाली, उद्या लेह.

कायदाही इथे फौजीच्या बाजूने उभा आहे. १९५० च्या लष्कर कायद्यानुसार दिवाणी न्यायालय कर्जापोटी जवानाला अटक करू शकत नाही आणि त्याच्या पगारावर जप्तीही आणू शकत नाही. आघाडीवर तैनात असलेल्या जवानाविरुद्धचा दिवाणी खटला त्याच्या गैरहजेरीत उरकला जाऊ नये, म्हणून १९२५ पासून वेगळा कायदा आहे. कारण सरळ आहे. सीमेवर उभ्या माणसाच्या मागे कोर्टाचा बेलीफ लागला तर तो लढणार कसा?

पण याचा अर्थ दुकानदाराचे पैसे बुडाले असा नाही. न्यायालयापेक्षा जवळचा रस्ता युनिटकडे जातो. कमांडिंग ऑफिसरकडे लेखी तक्रार गेली की जवानाला उत्तर द्यावं लागतं. म्हणून छावणीच्या बाजारात उधारी चालते ती कागदावर कमी आणि युनिटच्या नावावर जास्त. एका पलटणीने चोख व्यवहार केला तर तिच्या जागी येणाऱ्या पुढच्या पलटणीलाही वही उघडून दिली जाते.

मान द्यायचा, पण ओळखपत्रही मागायचं

जवानाकडे संशयाने बघणं वाईट दिसतं. तरी एका धंद्यात ते करावंच लागतं, तो म्हणजे वर्दीचा धंदा. जानेवारी २०१६ च्या पठाणकोट हल्ल्यातले अतिरेकी लष्करी वेशात आले होते. त्यानंतर लष्कराने दुकानदारांना आवाहन केलं की लष्करी नमुन्याचे कपडे कुणालाही विकू नका. २०२२ साली नवी डिजिटल नक्षीची वर्दी आली, तेव्हा लष्कराने तिच्या डिझाइनची नोंदणीच करून घेतली. हे कापड खुल्या बाजारात विकायला परवानगी नाही.

लोकांना आपण सैनिक आहोत असं भासवण्यासाठी वर्दी घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून टेलरने ओळखपत्र मागितलं तर फौजीने तो अपमान समजू नये. तो त्याच्याच सुरक्षेचा भाग आहे.

मग दुकानातली सूट हा हक्क आहे का?

नाही. खासगी दुकानदाराने, हॉटेलने किंवा दवाखान्याने फौजीला सवलत द्यावी असा कुठलाही सर्वसाधारण कायदा नाही. जे मिळतं ते दुकानदाराच्या मनाचं किंवा धंद्याच्या हिशोबाचं. आपल्याकडे गावात निवृत्त शिपायालाही कौतुकाने ‘मेजर’ म्हणतात, चहाचे पैसे घेत नाहीत. त्याची किंमत आहेच, पण ते मागून घ्यायची गोष्ट नाही.

उलट बाजूही समजून घ्यायला हवी. अमेरिकेत ‘मिलिटरी डिस्काउंट’च्या पाट्या जागोजागी दिसतात. पण त्याच अमेरिकेत लष्करी तळांच्या वेशीवर भरमसाट व्याजाने पगारापुरतं कर्ज देणारी दुकानंही उगवली होती. वय कमी, पगार नक्की आणि घर लांब, असा तरुण सैनिक सावकाराला सोपा सापडतो. शेवटी २००६ साली तिथे कायदा करून सैनिकांच्या अशा कर्जांवर वर्षाला ३६ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. म्हणजे दारावर सलामीची पाटी असली तरी आतला व्यवहार सरळ असेलच असं नाही.

आता काय बदलतंय?

दोन गोष्टी. पहिली, अग्निवीर. २०२२ पासून शिपाई चार वर्षांसाठी भरती होतो. पहिल्या वर्षी त्याचा पगार ३० हजार, त्यातले हातात येतात २१ हजार. नोकरीत असेपर्यंत कॅन्टीन आहे, पण चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि कॅन्टीनही नाही. त्यामुळे उद्या बाजारात असे तरुण दिसतील ज्यांनी वर्दी घातली होती, पण दाखवायला माजी सैनिकाचं कार्ड नाही. त्यांना ‘मेजर’ म्हणायचं की नाही, हे कायदा सांगणार नाही.

दुसरी गोष्ट छावण्यांची. हिमाचलमधल्या योलपासून २०२३ साली छावण्यांचे नागरी भाग वेगळे करायला सुरुवात झाली. देवळालीसह इतर छावण्यांसाठीही ही प्रक्रिया सुरू आहे. नागरी भाग बाहेर पडला तर बाजाराचे परवाने, बांधकाम आणि कर यांचा कारभार छावणी मंडळाऐवजी नागरी संस्थेकडे जाईल. लष्कराचा धाक कमी होईल, गिऱ्हाईक मात्र तेच राहील.

तोवर व्यवहार करताना तीन प्रश्न विचारले की बरीच भांडणं टळतील. ही सवलत कायद्यातली आहे का? असेल तर कागद दाखवायचा आणि कागद बघून ती द्यायची. ती कॅन्टीनची आहे का? मग ती दुकानदाराकडून मागायची नाही. आणि या दोन्ही नसतील, तर ती देणाऱ्याच्या मर्जीची आहे. दिली तर आभार मानायचे, नाही दिली तर पूर्ण पैसे देऊन निघायचं. योग्य भाव, खरं वजन आणि सरळ बोलणं यावर मात्र फौजीचा हक्क आहे, आणि तो प्रत्येक गिऱ्हाइकाचा असतो.