मुलांच्या घरगुती कपड्यांसाठी कापड देताना

रेडिमेडचा जमाना आला तेव्हा आमच्या लाइनीतले बरेच जण म्हणू लागले की, घरी शिवणारे गिऱ्हाईक आता संपले. शाळेचा गणवेश हातचा गेला, शर्ट-पँट पीसचा धंदा घटला, हे खरे आहे. परंतु तान्ह्या मुलांची झबली, घरात घालण्याचे पायजमे, उन्हाळ्यातले बिनबाह्यांचे फ्रॉक आजही पुष्कळ घरांत आई-आजीच्या मशीनवर शिवले जातात. त्यासाठी येणारी बाई अर्धा मीटर, पाऊण मीटर मागते. म्हणून आपल्यापैकी अनेक जण तिच्याकडे नीट पाहतही नाहीत. ही चूक आहे, आणि ती आम्ही स्वतः केलेली आहे.

आम्ही 1988 पासून वडिलांच्या दुकानात बसतो. सुरुवातीच्या वर्षांत एक वयस्कर खाला ईदपूर्वी आल्या. तीन नातवांसाठी एकाच कापडाचे पायजमे शिवायचे होते. आम्ही पॉपलिनचे थान उलगडले, मागितले तेवढे बरोबर मोजून दिले. "खाला, बेफिकीर राहा, एक नंबर माल आहे," असेही म्हणालो. ईद झाली, कपडे धुतले गेले आणि पायजमे घोट्यांच्या वर चढले. खालांनी भांडण केले नाही. एक पायजमा आणून गल्ल्यावर ठेवला आणि विचारले, "बेटा, तुला ठाऊक नव्हते का?" ठाऊक होते. आम्ही सांगितले नव्हते. पुढे त्या घरात दोन मुलींची लग्ने झाली. त्यांचे सगळे कापड समोरच्या दुकानातून गेले.

कापड आटते कशामुळे, हे आपण विकणाऱ्यांनी तरी समजून घेतले पाहिजे. मागावर ताण्याचे सूत सारखे खेचलेले असते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांवरून निघालेले ग्रे कापड पुढे ब्लीच, रंगाई, छपाईला जाते. तेथे ते ओल्या अवस्थेत पुन्हा लांबीकडे ओढले जाते. शेवटी पन्हा भरावा म्हणून दोन्ही काठांना धरून ताणतात आणि तसेच वाळवतात. घरी बादलीत पडले की सूत सैल होऊन आपल्या मूळ जागी जाते. म्हणून सुती कापड लांबीकडे जास्त आटते, पन्ह्याकडे कमी. ज्या मालाला सॅन्फोराइज करतात तो कारखान्यातच आटवलेला असतो, त्याचे आटणे साधारण एक टक्क्यात राहते. पण तो माल महाग पडतो. मुलांच्या कपड्यासाठी आपल्याकडे खपते ते साधे पॉपलिन, केंब्रिक, मलमल. त्यात तीन ते पाच टक्के धरूनच चालावे, विरळ पोताच्या कापडात त्याहून जास्त.

प्रत्येक नवीन लॉट आला की आम्ही एक लहान परीक्षा घेतो. तिला खर्च नाही. थानाच्या टोकाचा तुकडा घेऊन त्यावर बॉलपेनने 50 सेंटिमीटरचा चौकोन आखावा, साबणाने धुवावा, सावलीत वाळवून पुन्हा मोजावा. लांबीत 48 भरले म्हणजे चार टक्के आटले. हा आकडा चिठ्ठीवर लिहून थानाला टाचणीने लावून ठेवतो, म्हणजे दुकानातला मुलगा असला तरी गिऱ्हाइकाला खरे सांगू शकतो. त्याच तुकड्याचा कोरडा कोपरा दोन हातांत चोळून पाहावा. पांढरी भुकटी झडली तर कापडात खळ भरलेली आहे. आज भरदार वाटणारा तो माल पहिल्या धुण्यात जाळीसारखा होईल. गडद रंग असेल तर ओल्या पांढऱ्या चिंधीने घासावे. चिंधी रंगली तर ते कापड तान्ह्या मुलासाठी देऊ नये, कारण मूल बाही चोखते. ॲझो वर्गातील हानिकारक रंगांच्या वापरावर केंद्र सरकारने 1997 साली बंदी घातलेली आहे. पण रंग कुठला वापरला हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. तान्ह्यांसाठी पांढरे किंवा फिके कापड पुढे करावे.

आता मोजणीकडे येऊ. तीन वर्षांच्या मुलाच्या पायजम्याची लांबी 20 इंच धरू. नेफ्याला दीड इंच, खालच्या दुमडीला दीड इंच, झाले 23. पाच टक्के आटणे धरले तर सव्वा इंच आणखी, म्हणजे सव्वाचोवीस इंच, सुमारे 62 सेंटिमीटर. गिऱ्हाईक 60 मागते. आम्ही 65 घ्या म्हणतो आणि कारणही सांगतो. आतल्या बाजूला दोन इंच जादा दुमडून ठेवायचे असतील तर 70 घ्यावे. मूल वाढले की दुमड उसवून तोच पायजमा आणखी एक वर्ष जातो. एका पायाचा तुकडा 16 इंच रुंद लागतो. 36 पन्ह्यात दोन्ही पाय शेजारी शेजारी बसतात. बाजूला शिलाई न घेता एका पायाचा एकच तुकडा कापला तर नवीन शिकणारी मुलगीसुद्धा दुपारभरात पायजमा उभा करते. मागचा भाग पुढच्यापेक्षा इंचभर उंच ठेवायचा, नाहीतर मूल बसले की पायजमा खाली ओढला जातो. (आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मियानीला मराठीत काय म्हणतात ते आम्हाला दुकानातल्या बायकांनीच शिकवले: आसन.)

पन्ह्याचा हिशेब मात्र फार थोडे दुकानदार समजावून देतात. 58 पन्ह्यात 16 इंचाचे तीन पाय एका ओळीत बसतात. म्हणजे तीन पायजम्यांना 36 पन्ह्याचे 1 मीटर 95 सेंटिमीटर लागते, तेच 58 पन्ह्याचे 1 मीटर 30 मध्ये भागते आणि खिशापुरती पट्टी उरते. दोन्हींचा भाव गुणून गिऱ्हाइकासमोर मांडावा. कधी मोठा पन्हा स्वस्त पडतो, कधी लहान. आणि जुन्या बायका अजून "वार" म्हणतात. वार 36 इंचांचा, मीटर 39 इंचांहून थोडा जास्त. त्यांना काय अपेक्षित आहे ते कात्री लावण्यापूर्वी विचारावे.

कात्रीवरून आठवले. साधे पॉपलिन कात्रीने कापू नये, टोकाला चीर देऊन फाडावे. फाडले की ते बाण्याच्या सुताबरोबर सरळ जाते. थान घडी घालताना कापड तिरके झालेले असते. कात्रीने टेबलाच्या कडेला धरून कापले की तुकडा दिसायला सरळ आणि सुताला वाकडा निघतो. असा पायजमा धुतल्यावर त्याची शिलाई पायाभोवती फिरते, आणि बाईला वाटते आपल्यालाच शिवता येत नाही. छापील चौकडी असेल तर आधी पाहावे. छपाई सुताला धरून नसेल तर फाडल्यावर चौकडी तिरकी दिसते. तसा माल मुलांच्या कपड्यासाठी न दिलेला बरा.

बटने आणि नाड्या आपणच विकतो, तेव्हा तेही सांगावे. तीन वर्षांखालील मुलाच्या कपड्याला सुटे मणी किंवा सैल टाचलेले बटन नको, ते तोंडात जाते. गळ्याला दोरी तर मुळीच नको. अमेरिकेत 1996 साली मुलांच्या जाकिटांच्या गळ्याला दोरी लावू नये अशी सरकारी मार्गदर्शक सूचना निघाली, ती गळफास बसून मुले दगावल्यामुळे. पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक द्यावे, कमरेच्या मापापेक्षा दोन इंच कमी.

थानांची टोके कटपीसवाल्याला किलोने देण्याऐवजी आम्ही गेली काही वर्षे वेगळा उपाय करतो. शेजारचे टेलरभाई रिकाम्या वेळात सारख्या कापडाचे सात-आठ थर लावून दोन, तीन आणि चार वर्षांच्या मापाचे पायजमे कापून देतात. एका पिशवीत दोन पाय, मोजलेले इलॅस्टिक आणि आटण्याचा आकडा लिहिलेली चिठ्ठी. टेलरभाईंना नगावर कटाई मिळते, आमचे टोक मीटरच्या भावाने जाते, आणि जिला कापायची भीती वाटते ती बाई फक्त शिलाई मारते. कापड आधी धुऊन वाळवले असेल तर तसे पिशवीवर लिहावे, नसेल तर तेही लिहावे. चार वर्षांपुढच्या मापाचा प्रयोग आमच्याकडे चालला नाही. त्या वयाची मुले बाजारातलेच मागतात.

ईदसाठी अशा पिशव्या शब-ए-बरातपूर्वी तयार ठेवाव्यात. अर्धा रमजान उलटला की आमच्या गावात एकही टेलर नवीन कापड हातात घेत नाही, त्या दिवसांत घरच्या मशिनी रात्री उशिरापर्यंत चालतात. आणि दुकानात सर्वांत आधी संपते ते पाऊण इंची इलॅस्टिक.