आठ मात्रांचा धूर

टेबलाशी बसा आणि मनात आठ मात्रा मोजा. पहिली, चौथी, सहावी आणि सातवी मात्रा डाव्या हाताने वाजवा. दुसरी, तिसरी, पाचवी आणि आठवी उजव्या हाताने. सुरुवातीला हात अडखळतील, कारण हा सरळसोट डावा-उजवा ठेका नाही. पण आवर्तन जमलं, की जुन्या अमेरिकन गाडीचं इंजिन बोटांखाली वाजू लागतं.

शेव्हर्लेने १९५५ साली २६५ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ४.३ लीटरचं व्ही-८ इंजिन आणलं. त्याच्या सिलिंडरांचा पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. विषम आकड्यांचे सिलिंडर डाव्या ओळीत, सम आकड्यांचे उजव्या ओळीत. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की आठही सिलिंडर एकेकदा पेटून होतात. म्हणजे दर पाव फेऱ्याला एक मात्रा. आठ मात्रांचा हिशेब एकसारखा असला तरी डाव्या ओळीच्या वाट्याला त्यातलं अंतर तीन, दोन, एक, दोन असं वेडंवाकडं येतं. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असतं तेव्हा सेकंदाला अशी पाच आवर्तनं होतात. व्ही-८ ची जी घोगरी गुडगुड हौशी माणसं डोळे मिटून ऐकतात, ती या लंगडत्या ठेक्यातून येते.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना 'शेव्हर्ले' म्हटल्यावर हा आवाज आठवणार नाही. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीत गाड्या जुळवत होती, पण ते काम १९५४ मध्ये थांबलं आणि हे व्ही-८ आलं त्याच्या पुढच्या वर्षी. शिवडीहून मुंबईच्या रस्त्यावर उतरलेल्या शेव्हर्ले बहुतेक एका ओळीतल्या सहा सिलिंडरांच्या, समजूतदार आवाजाच्या.

आता धुराकडे वळू. कारखान्यातून निघताना इंजिनाच्या दोन्ही अंगांना बिडाचा एकेक मॅनिफोल्ड असतो. एका ओळीतल्या चारही सिलिंडरांचा धूर त्या जाडजूड पोकळीत उतरतो. साध्या गाडीत दोन्ही बाजूंचा धूर पुढे एकाच पाइपात मिळून एकाच सायलेन्सरमधून बाहेर पडतो. बीड स्वस्त, टिकाऊ आणि आवाज दाबणारं. त्याची खोड ठेक्यात सापडते. डाव्या ओळीत सहाव्या आणि सातव्या मात्रेला पाच आणि सात नंबरचे सिलिंडर लागोपाठ पेटतात, आणि हे दोघे सख्खे शेजारी. धूर सोडणारी झडप एकदा उघडली की जवळपास पावणेतीन मात्रा उघडी राहते. म्हणजे पाच नंबर आपलं घर अजून झाडून काढतोय तोवर, एका मात्रेनंतर, सात नंबर आपला कचरा त्याच बोळात भिरकावतो. त्यातला थोडा उलटा पाच नंबरच्या घरात शिरतो. जळका वायू आत राहिला, की पुढच्या घोटात पेट्रोल-हवेच्या ताज्या मिश्रणाला तेवढी जागा कमी.

हेडर म्हणजे या भांडणावर काढलेली वेगळी चूल. प्रत्येक सिलिंडरला पातळ पोलादाची स्वतंत्र नळी. अशा चार नळ्या साधारण ८०-९० सेंटिमीटर वेगवेगळ्या चालतात आणि मग एका तोंडाशी, कलेक्टरमध्ये, एकत्र येतात. तोवर धक्क्यांचं अंतर पडलेलं असतं. इथवर सगळ्यांना कळतं. खरी गंमत पुढे आहे, आणि ती कळायला एक्झॉस्ट हा सांडपाण्याचा पाइप आहे ही समजूत सोडावी लागते. तो सनईच्या घराण्यातला आहे.

झडप उघडते त्या क्षणी सिलिंडरातला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. तो सुटतो तेव्हा नळीतून धूर तर वाहतोच, पण त्याच्या पुढे दाबाची एक लाट धावते. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या घरात जातो. घरातल्या हवेत तो साधारण साडेतीनशे असतो. ही लाट नळीच्या उघड्या तोंडाशी पोचली, की उलटी होऊन परतते: गेली ती दाबाची, आली ती ओढीची. ही ओढ नेमक्या वेळी झडपेशी पोचली तर फार कामाची. धुराची झडप मिटत असते आणि मिश्रणाची उघडत असते, असा एक छोटा सांधा असतो, दोन्ही किलकिल्या. त्या सांध्यावर आलेली ओढ उरलेला धूर खेचून घेते आणि पिस्टन खाली सरकायच्या आधीच ताजं मिश्रण आत ओढायला लागते. ही चाकरी फुकटची.

मात्र वेळ गाठायला हवी. ९० सेंटिमीटरच्या नळीत लाटेला जाऊन यायला सुमारे ३.३ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ५००० फेऱ्यांवर आपली एक मात्रा ३ मिलिसेकंदांची असते, २५०० फेऱ्यांवर ६ मिलिसेकंदांची. लाटेची लय जवळपास ठरलेली, इंजिनाची सतत बदलती. लाट दर खेपेला क्षीण होत आणि दाब-ओढ अशी पालटत नळीत येरझाऱ्या घालत राहते. एका वेगाला सांध्यावर ओढ येऊन पडते, दुसऱ्या वेगाला दाब येऊन धूर पुन्हा आत ढकलतो. म्हणून प्रत्येक हेडर कुठल्यातरी एका टप्प्यासाठी कापलेला असतो. लांब नळ्या खालच्या वेगाला जमतात, आखूड वरच्या. सगळीकडे ताकद देणारा हेडर फक्त जाहिरातीत मिळतो.

गॅरेजमध्ये ऐकू येणारं 'इंजिनाला थोडं बॅक प्रेशर', म्हणजे धुराच्या वाटेत अडथळा, 'लागतंच' हे वाक्यही इथेच निकालात निघतं. इंजिनाला अडथळा मुळीच नको असतो. पण नळी गरजेपेक्षा रुंद घातली की धुराचा वेग पडतो, लाट दुबळी होते, खालच्या वेगाची ओढ जाते. शिवाय इंजिन आता मोकळा श्वास घेत असतं आणि कार्ब्युरेटरचे जेट मात्र जुनेच, त्यामुळे मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. गाडी धडपडते, आणि खापर फुटतं बॅक प्रेशरवर.

दोन्ही ओळींना शेवटपर्यंत वेगळा पाइप द्यायचा, या दोन पाइपांचं गणित त्या मानाने सोपं. दोन इंची दोन पाइपांइतका धूर एकाच पाइपातून न्यायचा तर तो पावणेतीन इंचांहून थोडा जाडच लागेल, आणि तो गाडीच्या पोटाखाली लोंबून प्रत्येक उंचवट्याला घासेल. शेव्हर्लेने हे १९५५ सालीच ओळखलं होतं. साधं व्ही-८ १६२ अश्वशक्तीचं. दोन पाइपांचा 'पॉवर पॅक' हा जादा संच घेतला तर १८०. मात्र त्या जादा अठरा घोड्यांचं सगळं श्रेय पाइपांना देऊ नये, त्या संचात चार तोंडांचा कार्ब्युरेटरही होता. दोन्ही पाइप शेवटपर्यंत वेगळे ठेवले तर दोन्ही हातांचे लंगडे ठेके वेगवेगळे ऐकू येतात. मधे एक आडवी नळी जोडली, इंग्रजी एच अक्षरासारखी, की दाब वाटला जातो आणि आवाज थोडा मऊ होतो.

ठेका पुरता सरळ करायचा तर? फोर्डच्या जीटी-४० या शर्यतीच्या गाडीत १९६० च्या दशकात ते करून दाखवलं. प्रत्येक ओळीतल्या दोन नळ्या इंजिनावरून पलीकडच्या बाजूला नेल्या, म्हणजे प्रत्येक कलेक्टरला दर दुसऱ्या मात्रेला धक्का मिळेल. त्या गुंत्याला नाव पडलं 'सापांचा भारा'. इंजिन मागे असल्याने एवढे साप मावले. घोगरी गुडगुड गेली, तिच्या जागी ताणलेला एकसंध सूर आला.

उलट, फोर्डच्याच १९३२ च्या व्ही-८ मध्ये हेडर फारसं काही करू शकत नाही. त्याचा धूर इंजिनाच्या ठोकळ्यातूनच फिरून बाहेर येतो आणि प्रत्येक ओळीतल्या मधल्या दोघांना दार एकच. आठ बिऱ्हाडं, सहा दारं. आतच एकत्र झालेला धूर बाहेरच्या नळ्या कशा वेगळा करणार?

बसवतानाची रडगाणी वेगळी. डावीकडे स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो, उजवीकडे स्टार्टर भाजून निघतो आणि तापलेली गाडी पुन्हा सुरू व्हायला कुरकुरते. पातळ नळ्या तापून-निवून वाकतात, बोल्ट ढिले पडतात, पॅकिंग फुंकतं. पहिल्या काही फेऱ्यांनंतर पाना घेऊन पुन्हा आवळावंच लागतं. बिडाच्या मॅनिफोल्डपाशी स्प्रिंगची एक झडपही असते. थंड इंजिनात ती गरम धूर कार्ब्युरेटरच्या बुडाकडे वळवते. हेडर आला की ती जाते, आणि थंडीच्या सकाळी इंजिन बराच वेळ खोकत राहतं. रविवारी तासभर फिरवायच्या गाडीला मी हेडर सुचवणार नाही. शेव्हर्लेचाच मेंढ्याच्या शिंगांसारखा वळलेला बिडाचा मॅनिफोल्ड मिळतो. तो आणि दोन पाइप पुरेत. हेडर कुणी बसवलाच, तर मूळ मॅनिफोल्ड निदान माळ्यावर जपून ठेवावा.

दोन पाइपांचाही एक जाच आहेच. एक लीटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लीटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. एकाच पाइपात सगळा धूर असतो तेव्हा तो लवकर तापतो आणि वाफ उडून जाते. धूर दोघांत वाटला की दोन्ही पाइप उशिरा तापतात, आणि दूध आणायला कोपऱ्यापर्यंत जाऊन आलेल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये पाणी साचून पत्रा आतून सडतो. म्हणून काही जण सायलेन्सरच्या बुडाला सुईच्या जाडीचं भोक पाडून ठेवतात. गाडी उभी केल्यावर खाली पडलेले पाण्याचे दोन ठिपके त्या भोकांचे.