भूकंप, पाऊस आणि डोंगरउताराची जमीन

ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनानगरीं भूकंप होऊन दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. डोंगर त्या वेळीं कोरडे होते, हें ध्यानांत ठेवावें. ता. ३१ मे १९७० रोजीं पेरू देशांत भूकंपानें हुआस्करान शिखराचें बर्फ व खडक सुटून युंगाय नगर कांहीं मिनिटांत गाडलें गेलें. टेकडीवरील स्मशानभूमीकडे जे धांवले, त्यांपैकीं कांहीं वांचले.

आमच्या सह्याद्रींत बर्फ नाहीं. तें काम पाणी करतें. माळीण (३० जुलै २०१४) येथें सुमारें दीडशें माणसें गेलीं, तीं पावसानें सुटलेल्या दरडीखालीं. कोयनेच्याच पाटण तालुक्यांत २०२१ च्या जुलैंत मिरगांव व आंबेघर येथेंही तेंच घडलें.

सबब पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा येथील खातेदारांनीं हादरा बसल्यावर उतार स्वतः फिरून पाहावा. सातबाऱ्यांत भेगेस रकाना नाहीं! भेग दिसल्यास चिकणमातीनें ठासून बुजवावी, व वरच्या अंगास चर खणून पाणी बाजूस काढावें. झाडें कललीं, अथवा झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें, तर गुरें सोडून माणसांसह त्याच दिवशीं उताराच्या वाटेबाहेर जावें. रात्र तेथें काढूं नये.